उतारावर उभे

माझ्या धाकट्या मेहुणीचे यजमान, म्हणजे माझे साडू, आमच्या भागातल्या मोठ्या क्रीडामैदानावर गवत कापायची गाडी चालवतात. मैदानावर अशा दोन गाड्या आहेत, एक ढकलायची आणि एक बसायची. साडू बसायच्या गाडीवर असतात. बाकीची माणसे पायी राबतात आणि हे एकटे बसून फिरतात, म्हणून त्यांना तिथे ‘स्वारी’ असे नाव पडले आहे. शेडचे दार उघडले की कोणीतरी विचारणारच, “काय, निघाली का स्वारी?” साडूही दरबारात शिरल्यासारखा हात वर करतात.

गेल्या वर्षी त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला. एकामागून एक दोन शस्त्रक्रिया ठरल्या. दोन महिने धूळ नाही, वाकणे नाही, हादरे नाहीत. गवत काही डॉक्टरांचे ऐकणारे नव्हते. गाडीवर दुसरे कोणीतरी बसवायला हवे होते.

ते काम फक्कीताईंनी मागून घेतले. त्या मैदानावर पांढऱ्या फक्कीने रेषा आखणाऱ्या बाई. वय पंचेचाळीसच्या आसपास, बोलणे थोडे आणि टोकदार. अकरा वर्षे फक्कीची गाडी ढकलून त्यांचे गुडघे कामातून गेले होते. साडू पुढच्या वर्षी निवृत्त होणार, त्यानंतर त्यांची जागा रिकामी होणार, हे सगळ्यांना ठाऊक होते. व्यवस्थापक साहेबांनी ताईंना सरळ सांगितले होते, “दोन महिने चालवून दाखवा. नीट झालं तर स्वारींनंतर गाडी तुमची. नाही झालं तर मी बाहेरून माणूस आणणार.”

आणि साहेबांनी साडूंना सांगितले, की गाडी कशी चालवायची आणि कशी ठेवायची ते सगळे एका कागदावर लिहून द्या, म्हणजे नंतर भानगड नको.

साडूंना तेव्हा पेपरातले मथळेसुद्धा दिसत नव्हते. मेहुणी म्हणाली, “भाऊजी आहेत की! चाळीस वर्षं छापखान्यात काढलीत त्यांनी.”

खरे तर छापखान्यात मी मुद्रिते तपासली. दुसऱ्यांनी लिहिलेले वाचले आणि त्यातल्या चुका समासात काढल्या. स्वतः मी पत्रापलीकडे काही लिहिलेले नव्हते. पण नको म्हणायलाही धैर्य लागते. शिवाय आत कुठेतरी मला बरे वाटले होते, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

साडूंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी आम्ही बसलो. साडू सांगत होते, मी टिपणे घेत होतो. ते हातांनी बोलतात. बशी तिरकी धरून, तिच्यावरून चमचा फिरवून ते काहीतरी दाखवत होते आणि मी मान खाली घालून लिहीत होतो.

“आधी सगळीकडे चालत फिरून यायचं. दगड, बाटल्या, तारा उचलायच्या. ओल्या गवतात गाडी घालायची नाही. सुरू करताना पाती बंद, ब्रेक दाबलेला. पाती फिरत असताना मागं घ्यायची नाही. लिहिलंत?”

“लिहिलं.”

“उतारावर उभंच चालवायचं बरं का, आडवं नाही.”

“हं.”

“भाऊसाहेब, तुम्ही ‘हं’ म्हणता तेव्हा मला शाळा आठवते. कळलं ना?”

“कळलं की.”

घरी येऊन मी पक्का मसुदा करायला बसलो. टिपणात लिहिले होते : ‘उतारावर उभं चालवायचं, आडवं नाही.’ मी अडखळलो. बसायची गाडी उभ्याने कशी चालवायची? मग मला सायकल आठवली. चढ आला की माणूस सीटवरून उठतो आणि उभा राहून पायडल मारतो. नवा माणूस घाबरून या गाडीवरही तसेच करत असेल, आणि त्यालाच साडू नको म्हणत असणार. ‘आडवं नाही’ हेही मला उलगडले. साडू सपाटीवर पाय पसरून, जवळजवळ आडवे होऊन गाडी चालवतात. उतारावर तसे रेलून बसू नये, इतकेच. घाईत एक ‘नाही’ माझ्याच हातून सुटला असावा. मी लिहिले : ‘उतारावर यंत्र उभे चालवू नये. बसूनच चालवावे.’ पुन्हा वाचले. उभे चालवू नये म्हटल्यावर बसूनच चालवणार, वेगळे सांगायला कशाला हवे? द्विरुक्ती मला कधीच खपत नाही. दुसरे वाक्य मी काढून टाकले. रेलून बसण्याचा उल्लेख साडूंवर टीका वाटेल म्हणून केलाच नाही.

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी साडू म्हणाले, “वाचून दाखवा की एकदा.”

मला स्वतःचे लिहिलेले मोठ्याने वाचायची लाज वाटते. “तुम्ही सांगितलंत तेच आहे,” मी म्हणालो, आणि कागद मेहुणीकडे दिला. तो साहेबांकडे गेला, टंकलिखित झाला, प्लॅस्टिकमध्ये बंद होऊन शेडच्या भिंतीवर लागला. खाली ‘माहिती : गाडीचालक’ म्हणून साडूंची सही. माझे नाव नव्हते, आणि ते मला सोयीचे वाटले होते.

तीन आठवड्यांनी मी साडूंकडे चहाला गेलो होतो. ते काळा चष्मा लावून बसले होते आणि चिडलेले होते.

“आडवी घातली हो त्या बाईनं! पूर्वेकडच्या बांधावर, जिथं लोक बसतात त्या उतारावर, गाडी चक्क आडवी घातली. वरची दोन चाकं उचलली आणि गाडी कलंडली. नशीब, सीटवरून माणूस उठला की इंजिन बंद पडतं. नाहीतर फिरत्या पात्यांखाली पाय गेला असता तिचा.”

“लागलं का फार?” मी विचारले.

“घोटा सुजलाय, खांदा खरचटलाय. स्टिअरिंग वाकलंय, झाकण फुटलंय. साहेब भडकलेत. सगळं भिंतीवर लिहून दिलं होतं, तरी बाईला वाचता येत नाही का, म्हणे. आता बाहेरचा माणूस बघतायत. मी घसा कोरडा करून सांगितलं होतं, उभंच चालवायचं. भाऊसाहेब, तुम्ही लिहिलं होतंत ना?”

मेहुणी बशीत बिस्किटे मांडत होती. मी म्हणालो, “उभं म्हणजे…?”

“उभं म्हणजे उभं! खालून वर, वरून खाली. सरळ रेघेत. आडवं म्हणजे असं, बांधाच्या लांबीनं. ढकलायच्या गाडीचं उलटं असतं. ती आडवीच न्यायची, नाहीतर घसरून पायावर येते. बसायची मात्र उभी. आडवी नेली की कलंडते.”

त्यांनी हाताने हवेत उतार काढून दाखवला. या खेपेला मी बघत होतो.

तेव्हाच मी तोंड उघडायला हवे होते. उघडले ते बिस्किटासाठी. पुढचे दोन दिवस मी ते वाक्य सगळ्या बाजूंनी तपासत राहिलो. व्याकरण ठीक होते. शुद्धलेखन ठीक होते. ‘उभे’चा मला अभिप्रेत असलेला अर्थ कोणत्याही कोशात पहिलाच निघेल, असेही मी स्वतःला सांगून पाहिले. कोशावर माझा फार विश्वास. पण जिचा घोटा सुजला होता ती बाई दिवसभर उभ्या आणि आडव्या रेघांतच वावरत होती, आणि तिच्यासाठी पहिला अर्थ कोणता हे विचारायला कोश लागत नव्हता.

तिसऱ्या दिवशी मी मैदानावर गेलो. आधी बांध बघितला. अर्ध्या बांधावर गवत कापलेले होते, आडव्या पट्ट्यांत. एक, दोन, आणि तिसरी मध्येच तुटलेली. तिथे माती उकरून खाली घसरलेली. पहिल्या दोन पट्ट्या इतक्या सरळ होत्या की पट्टी धरून आखल्यासारख्या. निष्काळजी माणसाच्या हातून असे काम होत नाही. कागदावरचे वाक्य कोणीतरी जमिनीवर जसेच्या तसे उतरवले होते.

फक्कीताई शेडच्या दारात खुर्चीवर बसल्या होत्या, पायाला पट्टी. बसल्या बसल्या दोरीचा गुंता सोडवत होत्या.

“काका, स्वारी बरी आहे का? डोळे दिसायला लागले?”

“दिसतात. ताई, तुमच्याकडे काम होतं. तुम्ही त्या बांधावर गाडी आडवी का घातली?”

त्यांनी दोरी खाली ठेवली. “तुम्हीपण तेच विचारायला आलात? सकाळपासून चौथे. पाटीच लावते गळ्यात. कागदावर लिहिलंय, उभे चालवू नये. नाही चालवली उभी.”

“पण साडू उभीच चालवतात. तुम्ही बघितलं असेल की इतकी वर्षं.”

“बघितलंय. मला वाटलं, ते मुरलेले आहेत, त्यांना चालतं. नव्या माणसानं करू नये म्हणून मुद्दाम लिहिलंय. त्यांनी मला सपाटीवर दोन दिवस शिकवलं, पण तेव्हा बांध ओला होता, तिथं नाही नेलं. मग कागद वाचला. दोनदा वाचला.” मग त्या हसल्या, पण ते हसू चांगले नव्हते. “साहेबांना सांगितलं, लिहिलंय तसंच केलं. म्हणाले, वर आणि खोटं बोलता?”

“तो कागद मी लिहिलाय,” मी म्हणालो.

“सही तर स्वारींची आहे.”

“सांगितलं त्यांनी. लिहिलं मी. मला वाटलं, उभं म्हणजे… उभ्यानं. सीटवरून उठून.”

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. “बसायच्या गाडीवर उभ्यानं? कशाला? झेंडा दाखवायला?”

मला सायकलचे सांगायचे होते. सांगितले नाही.

“काका,” त्या दोरी परत हातात घेत म्हणाल्या, “मला सांगून काय उपयोग? माझा घोटा मला माहीतच आहे. जिथं सांगायचं तिथं सांगा.”

साहेबांच्या खोलीबाहेर बाक होता. त्याच्यावर मी बराच वेळ बसलो. दोनदा उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो. मला अनोळखी माणसाशी बोलताना आधी वाक्य मनात लिहून घ्यावे लागते. आज तेही धड लिहून होत नव्हते.

साहेब माझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान, घाईत असलेले गृहस्थ. भिंतीवरचा तो कागद आता त्यांच्या टेबलावर होता.

“मी स्वारींचा साडू. या कागदात एक चूक आहे.”

“कुठं?” त्यांनी कागद पुढे ओढला. “उतारावर यंत्र उभे चालवू नये. बरोबर आहे की! इंजिन चालू ठेवून उतारावर गाडी उभी करू नये. पार्किंगचं आहे हे.”

हा अर्थ मला सुचलाही नव्हता. पाच शब्दांच्या वाक्याचे तीन माणसांनी तीन अर्थ लावले होते, आणि ज्याने ते सांगितले त्याचा चौथा अर्थ त्यात कुठेच नव्हता. मी जमेल तसे समजावले. मध्ये दोनदा अडखळलो. शेवटी साडूंसारखा हाताने उतार काढला.

साहेब खुर्चीत मागे टेकले. “ठीक आहे, वाक्य चुकलं. पण शंका आली तर बाईनं विचारायला नको?”

“तिला शंका आलीच नाही. तिला वाक्य कळलं होतं. न कळणारा माणूस विचारतो. इथं न कळलेला माणूस मी होतो, आणि मी ‘कळलं’ म्हणालो.”

माझा आवाज मलाच मोठा वाटला. साहेबांनी पेन पुढे केले. “हे लेखी द्या. वरून दुरुस्तीच्या खर्चाचं कारण विचारलंय मला. तोंडी चालणार नाही.”

खोलीच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी मी बसलो. पहिल्या कागदावर लिहिले : ‘सदर सूचनेत अर्थाची संदिग्धता राहून गेली.’ वाचून बघितले. सुरेख वाक्य होते. त्यात एकही माणूस नव्हता. राहून गेली, पण कोणाकडून? दुसऱ्याचा मजकूर असता तर मी समासात हेच विचारले असते. दुसऱ्या कागदावर साडूंच्या बोलण्याच्या पद्धतीबद्दल लिहायला लागलो आणि स्वतःचीच लाज वाटून थांबलो. तिसऱ्यावर चार ओळी लिहिल्या :

‘हे वाक्य मी लिहिले. साडूंनी सांगितले ते मला समजले नव्हते. मी परत विचारले नाही, वाचूनही दाखवले नाही. बाईंनी कागदावर होते तसेच केले.’

खाली पूर्ण नाव लिहून सही केली.

साहेबांनी वाचले, फाइलमध्ये घातले. “बघतो,” म्हणाले. तेवढेच.

साडूंना त्याच दिवशी सांगितले. ते म्हणाले, “म्हणजे माझ्या सहीखाली मीच उलटं शिकवलं?” मेहुणीने त्यांना गप्प केले, पण पुढचे आठ-दहा दिवस ते मला ‘भाऊसाहेब’ऐवजी नुसते ‘तुम्ही’ म्हणत होते. मला ते मान्य होते.

गाडी दुरुस्त होऊन आली, घोट्याची सूज उतरली आणि साहेबांनी फक्कीताईंना पुन्हा एकदा बांधावर बोलावले. “एकदाच,” ते म्हणाले. बाहेरच्या माणसाचा अर्ज त्यांच्या हातातच होता. साडू काळा चष्मा लावून खाली उभे राहिले. मी त्यांच्यामागे, जरा आडोशाला.

ताईंनी आधी सगळा बांध चालत पाहिला. एक दगड उचलून लांब टाकला. मग सीटवर बसल्या, ब्रेक दाबून गाडी सुरू केली, पाती लावली आणि बांधाकडे सरळ तोंड करून अगदी सावकाश वर चढू लागल्या.

“वळायचं नाही मध्ये,” साडू स्वतःशीच म्हणत होते. “थांबायचं नाही. वर सपाटीवर जाऊन वळायचं. हां. हां.”

मी डोळे मिटले होते. गाडीचा आवाज वर गेला, थोडा थांबल्यासारखा झाला आणि परत खाली येऊ लागला. मी डोळे उघडले तेव्हा बांधावर पहिली उभी पट्टी उमटली होती. खाली आल्यावर ताईंच्या कपाळावर घामाचे थेंब होते. परत वर. परत खाली. सातव्या पट्टीनंतर साहेबांनी घड्याळ बघितले आणि हातातला अर्ज घडी करून खिशात घातला.

“पुढच्या वर्षीपासून तुमच्या नावावर करतो,” ते म्हणाले. “पण तो कागद नवीन पाहिजे.”

“तो मी यांच्याकडूनच लिहून घेणार,” ताई गाडीवरून म्हणाल्या. त्यांनी बोट माझ्याकडे केले. “पण एका अटीवर. लिहिणाऱ्यानं एकदा इथं बसायचं.”

साडू पहिल्यांदाच मनापासून हसले. “अरे वा! दुसरी स्वारी!”

मी सपाटीवर गाडी चालवली. पाती बंद ठेवून, बाजूला ताई चालत, त्यांचा हात सीटच्या पाठीवर. शंभर पावले गेलो असेन. सीट थरथरते, आवाज पोटात शिरतो आणि पाय ब्रेकवरून काढायला मन होत नाही. उठून उभे राहणे ही त्या गाडीवर कोणाला सुचणारच नाही अशी गोष्ट आहे. हे कळायला मला शंभर पावले पुरली.

हंगाम संपला तेव्हा कागदाचा दुसरा भाग राहिला होता : गाडी ठेवायची कशी. या वेळी मी घरी बसून काही लिहिले नाही. शेडमध्ये उकिडवा बसलो. ताई काम करत होत्या, नव्या डोळ्यांचे साडू स्टुलावर बसून सांगत होते आणि एकेक काम झाले की मी एकेक वाक्य मोठ्याने वाचून दाखवत होतो. पहिल्यांदा आवाज फुटेना. चौथ्या-पाचव्या वाक्याला सवय झाली.

पात्यांच्या झाकणाखाली चिकटलेले गवत खरवडून काढले. ते ओले राहिले तर लोखंड खाते. टाकीचा कॉक बंद करून, शेडच्या बाहेर, नळीत उरलेले पेट्रोल संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ताईंनी सीटवर बसून गाडी जागेवरच चालू ठेवली. बॅटरी काढून फळीवर ठेवली. ‘कॉक बंद करून गाडी चालू ठेवावी’ असे मी वाचले तेव्हा ताई म्हणाल्या, “चालू ठेवावी म्हणजे चालवत फिरू नये, असंही लिहा. मला कळलंय. पुढच्याला कळेलच असं नाही.” मी ते लिहिले. द्विरुक्ती झाली तर झाली.

गाडी आत ढकलल्यावर साडू म्हणाले, “आता गार झाली की वर ताडपत्री घालायची. संपलं.”

मी वाचून दाखवले : “इंजिन गार झाल्यावर झाकावे.”

“किती वेळानं?” ताईंनी विचारले.

“गार झाल्यावर,” साडू म्हणाले.

“अहो, पण किती वेळानं? गरम इंजिनावर कुणी ताडपत्री टाकली आणि आत सुकं गवत असलं तर पेट घेईल.”

“हात लावायचा आणि बघायचं. इतकी वर्षं मी काय घड्याळ लावत होतो?” साडू स्टुलावरून उठले. “मी चहा पिऊन येतो. तुमचं दोघांचं चालू द्या.”

ते गेले. ताईंनी भिंतीवरच्या घड्याळात वेळ बघितली आणि मला ती कागदाच्या कोपऱ्यात टिपून ठेवायला सांगितली. आम्ही दोघे उंबऱ्यावर बसलो. मैदानावर कोणी नव्हते. दहा मिनिटांनी त्या उठून आत गेल्या, इंजिनाला बोट लावले आणि झटकन मागे घेतले.

“लिहू नका अजून,” त्या म्हणाल्या, आणि येऊन पुन्हा बसल्या.